मढच्या रेतीसाठी काढलेली हवा

बाबा,

सगळं फिरलं ते आज सकाळी, गॅरेजसमोर लाल फोर-बाय-फोर थांबली आणि पुढच्या सीटवरून ती खाली उतरली तेव्हा. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलास तेव्हा मी शाळेत होतो. हिच्यासाठी मी कॉलेजात जायचो आणि हिने तोंड फिरवल्यावर जायचं बंद केलं, एवढं समज. "तुझा राग मला झेपत नाही," म्हणाली होती. गाडी चालवणारा हसरा, नीट बोलणारा. त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. "बॉस, रेतीत घालायचीय, हवा किती ठेवू? मढला मित्राच्या बंगल्यामागे प्लॉट आहे. ऊन उतरेपर्यंत खेळू, मग तिथूनच सरळ लोणावळा." ती त्याला म्हणाली, "हा आमच्या कॉलेजात होता." बस, एवढीच ओळख.

मी चारही चाकांची हवा पस्तीसवरून अठरावर आणली, गेज परत परत लावून. काम चोख. टायर खाली पसरले तसा तो चरकला. "एवढी कमी? वाट लागेल ना टायरची?" "रेतीत नाही लागत," मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. पसरलेला टायर रेतीवर तरंगतो, टणक टायर खड्डा खणत खाली जातो. पण याच हवेवर हायवेला लागलं की टायर तापतो आणि वेगात फाटतो, हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाडीत पंप नाही, तेही बघून ठेवलं. नंतर काम करताना डोळ्यांसमोर एकच: घाटाच्या अलीकडे गाडी एका बाजूला बसलीय, तो डोक्याला हात लावून उभा, आणि ती त्याच्याकडे बघतेय, शेवटी शेवटी माझ्याकडे बघायची तशी. खूप बरं वाटत होतं. त्या चित्रात कुणाला खरचटतही नव्हतं.

मग जेवायला घरी आलो आणि नको असताना तू आठवलास. तू शूटिंगच्या जीप चालवायचास तेव्हाचं मढ. प्रॉडक्शनचा तो माणूस तुला "ए ड्रायव्हर" म्हणून हाका मारतोय, आणि तू त्याच्या गाडीची हवा मुद्दाम उतरवत नाहीस. गाडी रुतते. तू चहा पीत म्हणतोस, "मारा धक्का साहेब, पोट उतरेल." मी हसून हसून लोळतोय. मग तूच हवा काढून गाडी बाहेर ओढलीस, आणि त्याला तशीच, कमी हवेवर, अंधेरीला दामटायची होती. तू गाडीपुढे उभा राहिलास. तो आईवरून शिव्या देतोय आणि तू पंप लावून एकेक चाक भरतोयस. मी म्हणालो, जाऊ दे, मरू दे त्याला. सगळ्यांसमोर तू माझ्या कानाखाली वाजवलीस. "रेतीत रुतलो तर हसूक येता. रस्त्यार टायर फुटलो तर हसूक कोण उरना नाय."

त्या थपडेचा राग मी अजून धरून आहे. शिव्या त्याने दिल्या आणि मार मला. सूड कसा घ्यायचा ते दाखवलंस आणि अर्ध्यात हात धरलास. वर मरून गेलास, भांडायचं कोणाशी?

तिने मला ब्लॉक केलंय आणि त्याचा नंबर गॅरेजच्या शेठकडेही नाही. त्यामुळे गॅरेजचा छोटा पंप पिशवीत घातलाय. दहिसरहून स्कूटरने ऊन उतरायच्या आत पोचेन. माफ कुणालाच केलेलं नाही. चाकं भरता भरता त्याला असं ऐकवणार आहे की रेतीचं नाव काढणार नाही. तिने बघितलं तर बघू दे. आणि हे तुला सोडून कुणाला सांगणार नाही: तो गाडीत एकटा असता, तर मी जेवून झोपलो असतो.

हा कागद कुठे जायचा नाही, राहू दे इथेच ताटाखाली. उठतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.