घाई नसलेला कोट

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मला नेलंस त्या फुकट व्याख्यानाचा खरा खर्च कळवतो. सभागृहाबाहेरून गेलेला चपलांचा जोड, एक दुपारची झोप, आणि संध्याकाळी पोचतो असं सांगून मध्यरात्री पोचल्यामुळे तुझ्या भावजयीचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास. अनंतकाळावर बोलणाऱ्याला शेवटच्या गाडीचं भान कुठून असणार म्हणा.

गृहस्थ बोलतात मात्र झकास. मेल्यावर म्हणे कायमचं जगायचं. दुखणं नाही, भांडण नाही, काही मोडत नाही, काही फाटत नाही. ज्याचं त्याचं माणूसही परत मिळणार, तेही कायमचं. हे ऐकून तू डोळे पुसलेस. माझ्या मागच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला हळूच विचारलं, की हे सक्तीचं आहे का. माझे कान तिखट, त्याला मी काय करू.

थट्टा पुरे. डॉक्टरांनी तुझ्या हृदयाची झडप महिनाअखेरीच्या आत बदलायला सांगितली आणि तू नको म्हणालीस, ती या माणसाच्या भरवशावर. ताई, शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. ज्या गिऱ्हाइकाला आयुष्यभराची गॅरंटी दिली, त्यानेच आयुष्यभर माझं डोकं खाल्लं. हा तर त्याच्याही पलीकडची देतोय. तक्रार घेऊन जायचं कुठे, तेवढं विचारून ठेव.

मला विचारशील तर असलं काही नको. दुसऱ्याच्या ओट्यावर एका पान्यावर धंदा सुरू केला, मानाने चालवला. सत्तरीला शटर ओढीन आणि गुमान झोपीन. वर एक दिवस मागणार नाही.

रागावलीस तरी उत्तर टाक. राग परवडतो, अबोला नाही.

तुझा,
धाकटा


दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चपला गेल्या ते बरं झालं. त्या घालून तू दारात उभा राहिलास की शेजारीण मला विचारते, भावाचं दुकान खरंच आहे ना.

गुमान झोपशील म्हणे! लहानपणी दिवा मालवला की माझा पदर मुठीत धरून पडणारा कोण होता?

तू धंदेवाला, तूच सांग. डॉक्टर फार तर दहा वर्षं देतो, तीही छाती फाडून. व्याख्याते न कापता सगळीच देतात. आणि तिथे तुझे भाऊजी आहेत. दोन वर्षं झाली. खुर्ची आहे, चष्मा आहे, माणूस नाही. तू म्हणशील, बोलून बोलून जीव खायचे. खायचे. ती बस थांबवल्याची गोष्टसुद्धा आता मी पुन्हा ऐकीन.

माझं इथलं सगळं आटपलंय. मी मोकळी आहे. तेव्हा समजावायला येऊ नकोस, नुसता ये.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया माझ्याशी वाद घालून दाखवू नकोस.

तुझी,
ताई


दि. १३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उतारावरून सुटलेली बस भाऊजींनी थांबवली हे खरं. पण ती गोष्ट सुरू झाली, की तू शिलाई मशिनची बॉबिन बिघडली म्हणून माझ्या दुकानात पळून यायचीस. बिघडलेली बॉबिन मी तुझ्या हातात एकदाही पाहिली नाही. आता तिथे काहीच मोडत नाही म्हटल्यावर तो बहाणाही गेला. बस अनंतकाळ थांबत राहणार आणि तू समोर बसलेली.

आणि सगळं आटपलं म्हणतेस? तुझं कपाट मी बघून आलोय. लग्नाची तारीख घेऊन आलेल्या बाईचा ब्लाउज तुझ्याकडे दोन दिवस आधी तयार. सावकाश द्या, घाई नाही असं जो म्हणाला, त्याचं कापड कपाटात पिवळं पडतं. माझ्या कोटाचंही त्यातच आहे. गाढव मी, घाई नाही म्हणून बसलो. तेव्हापासून दोनदा चष्म्याचा नंबर बदलला, कोट आहे तिथेच.

मग ज्या जागी कुणालाच, कधीच, कसलीच घाई नाही, तिथे तू एक टाका तरी घालशील का? अगं, भाऊजींना भेटायलासुद्धा उद्या जाऊ म्हणशील. व्याख्यात्यांना एवढंच विचार, की पहिली दुपार मजेत गेली, दुसऱ्या दुपारी काय करायचं.

आणि कोट कधी हातात घेतलासच तर लक्षात ठेव. शिवणीत दोन बोटं माया सोड, पुढेमागे पोट सुटलं तर उसवून सैल करता येईल. कोपरांना आतून दुहेरी कापड. वीस-पंचवीस वर्षं बघायला नको असा शिव. आणि या खेपेला सांगून ठेवतो, घाई आहे.

उत्तराची वाट बघतोय. ही खुशाल आहे, मी नाही.

तुझा,
धाकटा


दि. २० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं. भर सभेत उभी राहून विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या दुपारी आनंद. मी विचारलं, तो झाल्यावर? म्हणाले, अधिक आनंद. मग मी विचारलं, की त्या दोन आनंदांच्या मध्ये चहा कधी. तर म्हणाले, तिथे तहानच लागत नाही. मागून कुणीतरी खुदकन हसलं. तुझाच तो मागच्या रांगेतला असावा.

घरी आले, चहा टाकला, कपाट उघडलं. तुझ्या कोटाच्या कापडाखाली भाऊजींचा शर्ट निघाला. बेतून कापलेला, तसाच राहिलेला. तेही घाई नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन तारीख मागितली. येत्या गुरुवारची मिळाली. तारीख मिळाली आणि हात चालायला लागले. तुझा कोट तयार आहे, हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच पाठवतेय. गुरुवारी तोच घालून दवाखान्यात ये. शुद्धीवर आल्यावर मला तुझं रडकं तोंड बघायचं नाही, खांदा बरोबर बसलाय का ते बघायचंय. शर्टाची एक बाही राहिली आहे, ती घरी परतल्यावर. भाऊजी थांबतील. त्यांना तिथे कसली घाई असणार?

तुझ्या बायकोला आशीर्वाद. गुरुवारपर्यंत जीव थाऱ्यावर ठेव, तुझाही.

तुझी,
ताई

ता. क. — दोन बोटं माया सोडली आहे, कोपरं दुहेरी केली आहेत. कोट आरामात पंचवीस वर्षं जाईल, सत्तरीच्या शटरचं तू बघ. मागच्या महिन्यात तुला एकोणसत्तर पूर्ण झाली.