म्हातारी लिटरला किती देते?

४ मार्च

नऊ! लिटरला नऊ! याहून ट्रक बरा. कोपऱ्यावरच्या पंपवाल्याला तोंडावर विचारलं, "पेट्रोलमध्ये काय मिसळता हो?" तर म्हणे, "ताई, गाडीचं वय बघा." आमच्या म्हातारीचं वय काढतो! बाबांनी हिच्यावर अर्ध्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलं. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्याचा वेगळा क्लच आणि ब्रेक अजून शाबूत आहे. हिवाळ्यापर्यंत चौदा देत होती बिचारी.

दादाचा फोन. "विकून टाक. पांढरा हत्ती पोसतेस." त्याला काय जातंय बोलायला! लॅबसाठी सकाळी घरोघर रक्ताचे नमुने गोळा करत मी फिरते, तो नाही. आणि गाडीही गेली तर बाबांजवळ राहिलं काय? हे मात्र त्याला बोलले नाही.

५ मार्च

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. पुन्हा तेच म्हणाल्या, "मेंदूला बसलेला झटका मोठा होता, पण आवाज गेलेला नाही. रोज मोठ्यानं सराव केला तर शब्द परत येतील." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. बाई गेल्यावरच वळले.

ज्या माणसाचं "क्लच! अगं क्लच!" तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं, तो आता पाणीसुद्धा खुणेनं मागतो. मला त्यांचा आवाज आठवेनासा होईल याची भीती वाटते. पुरे. रडू येतंय.

९ मार्च

गॅरेजवाल्याचा सल्ला – "ताई, एकदा भारीतलं पेट्रोल भरून बघा. इंजिन धुऊन निघतं." भरलं. इंजिन धुऊन निघतं की माझं पाकीट, बघू.

१६ मार्च

दहा. पाकीट.

१७ मार्च

दादा बाबांना आठवडाभर त्याच्याकडे घेऊन गेला. घर तसंही गप्पच असतं, पण आज जास्तच. वेळ जात नव्हता म्हणून लांब हमरस्त्यावरच्या पंपावर जाऊन टाकी भरली. कंपनीही वेगळी. हा शेवटचा उपाय.

२५ मार्च

चौदा!! लिटरला चौदा! म्हणजे दोष पेट्रोलचाच! लॅबमध्ये सगळ्यांना ऐकवलं – पंप बघून भरा, कंपनी बघून भरा. निम्म्यांनी पंपाचा पत्ता लिहून घेतला. दादा बाबांना सोडायला आला, त्याला दारातच गाठलं. "म्हातारी ठणठणीत आहे, पेट्रोलच भिकार होतं!" दादा हसला. बाबांनी मान खाली घातली. प्रवासानं दमले असतील.

२ एप्रिल

तोच पंप, तीच गाडी, तीच मी. नऊ.

नाक कापलं गेलं. दादा म्हणाला, "रविवारी एकाला गाडी बघायला घेऊन येतो." मी हो म्हणून बसले.

गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं, कान लावून ऐकलं, बंद केलं. "इंजिनाला काही झालेलं नाही. कुणीतरी पेट्रोल काढतंय, ताई." चोर! सकाळची फेरी झाली की मी गाडी घराखाली लावते आणि चालत लॅबमध्ये, ते संध्याकाळपर्यंत. त्याला रान मोकळंच! उद्या जेवणाच्या सुट्टीत अचानक येऊन पकडते. 

३ एप्रिल

चोर सापडला.

पार्किंगच्या मागच्या बाजूनं आले, हातात छत्री – डोक्यात घालायला. म्हातारी जागेवरच उभी आणि इंजिन चालू! ड्रायव्हरची सीट रिकामी. शेजारच्या, शिकवणाऱ्याच्या सीटवर बाबा. काच अर्धी खाली. रिकाम्या सीटकडे बघून ते शिकवत होते. "क्ल… क्लच. दाब. आता ह… हळू सोड. गाडी प… पळून जात नाही." मग स्वतःच्या पायानं क्लच दाबायचा, सोडायचा. पुन्हा पहिल्यापासून. एका शब्दावर अडले तेव्हा "श्या!" म्हणाले. ते मात्र एकदम स्वच्छ!

बंद गाडीत शिकवायचं नाही हा बाबांचा नियमच होता. नवा विद्यार्थी आला की पहिले काही दिवस गाडी हलायचीच नाही, नुसती चालू. "आधी इंजिनाचा आवाज कानात बसू दे." मलाही असंच शिकवलं. तेव्हा मी वैतागले होते, पेट्रोल फुकट जातं म्हणून! आता पुन्हा तेच फुकट गेलं, आणि मी पंपवाल्यांशी भांडत सुटले. बाबा दादाकडे होते त्या आठवड्यात गाडी चौदा देणारच. काखेत कळसा, गावाला वळसा.

तशीच मागच्या पावली लॅबमध्ये गेले. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना एकटीच हसत होते.

बाबांना कळू द्यायचं नाही. कुणी ऐकतंय म्हटलं की पुन्हा भिंतीकडे वळतील. पण रविवारचं काय? दादाला फोन केला, "गाडी राहू दे." म्हणाला, "का? एक कारण सांग." कारण सांगता येईना. "मग झालं तर. मी माणसाला शब्द दिलाय." दादाला सांगितलं तर तो आनंदानं गावभर करेल. नाही सांगितलं तर बाबांची शाळा जाते. काही सुचत नाही. तरी मी आज खूश आहे. खूप खूश आहे!

४ एप्रिल

टाकी फुल केली, कोपऱ्यावरच्याच पंपावर. त्याची माफी मागितली. "बघितलं का मग गाडीचं वय?" म्हणाला. म्हटलं, "बघितलं. अजून शिकवते." त्याला काही कळलं नाही. किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर जरा खाली टांगली, बाबांच्या हाताला येईल अशी.

६ एप्रिल, रविवार

गिऱ्हाईक आलं. टायरला लाथ मारून बघितली. मग मला विचारलं, "लिटरला किती देते?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "नऊ."

जिन्याच्या दारात बाबा. मुठीत किल्ली.

"प… पण विकायची नाही."

दादा पायरीवरच बसला.