अर्थ जागा खातो

३ जानेवारी
पोचलो एकदाचा. उयोहून कॅलाबार तसं फार लांब नाही, पण रस्त्याने हाडं खिळखिळी केली. शिबिर एका पिवळ्या दुमजली घरात आहे. आम्ही पाच खेळाडू, एक स्वयंपाकीण आणि कोच अर्चिबाँग. हातात इंग्रजी अक्षरांच्या सात सोंगट्या घ्यायच्या आणि त्यांतून शब्द काढायचे, महिनाभर एवढंच काम. भूगोलाच्या मास्तराला एरवी अशी रजा कोण देतो? पण मी राष्ट्रीय संघात गेलो तर मुख्याध्यापकांनाही मिरवता येईल. जेवणात पालेभाजीचा दाट रस्सा आणि सुका मासा होता. दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी घरी फोन केला. माझ्या लेकीचा, इडाराचा, खालचा दात हलतोय. तो पडला की छपरावर मीच फेकायचा, तोही पालीने बघायच्या आत, नाहीतर नवा येत नाही. आई फेकेल म्हटलं, तर म्हणाली की आईचा नेम चुकतो. मागे बायको, मफोन, हसत होती. दात पडला की मी येईन असं कबूल केलं.

५ जानेवारी
रोज दोनशे कार्डं. पुढच्या बाजूला वर्णक्रमाने लावलेली अक्षरं, मागे त्यांतून निघणारे शब्द. मी एका शब्दाचा अर्थ विचारला. कोच शांतपणे म्हणाले, "मास्तर, अर्थ जागा खातो. शब्द ठेव, अर्थ टाकून दे."

सगळे हसले, एफिओम सोडून. तो तीन वर्षं इथेच आहे, देशात पहिला. बोटात अंगठी दिसली म्हणून बायकोचं विचारलं, तर अंगठीकडेच बघत राहिला. जेवायला बस म्हटलं की बसतो.

इथला एक रिवाज गमतीचा आहे. संध्याकाळी कोचसमोर उभं राहून सांगायचं, आज जागा करायला डोक्यातून काय काढलं. मी म्हटलं, नद्यांची नावं. पोरांना तशीही पाठ होत नाहीत. कोचनी मान डोलावली.

१० जानेवारी
कार्डं आता भराभर डोक्यात जातात. सकाळी खिडकीतून नदी दिसली आणि तिचं नाव आठवेना. स्वयंपाकिणीला विचारलं. म्हणाली, अहो मास्तर, गावाचंच नाव की तिला. मी हसलो. घाबरायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. संध्याकाळी लग्नातली गाणी देऊन टाकली.

१७ जानेवारी
तीनशे कार्डं. शाळा दिली. वर्गातली पोरं दिली. कोच म्हणतात, निवड नक्की. काल घराची गल्ली दिली, का ते आठवत नाही.

इडाराचं नाव द्यायचं नाही. कोऱ्या कार्डावर लिहून उशीखाली ठेवलंय. सवयीने इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं.

२२ जानेवारी
घरी जायचं ठरवलं. पिशवी भरून मोटारतळावर गेलो. ड्रायव्हरने विचारलं, कुठे. मी उभाच. मागे रांग लागली. तो म्हणाला, ओगा साहेब, गाव सांगा नाहीतर बाजूला व्हा. बाजूला झालो. शिबिराचा रस्ता तेवढा माहीत होता.

परत आल्यावर ही वही उघडली. पहिल्या पानावर उयो लिहिलंय. इंग्रजीत तीन अक्षरं. गावांची नावं खेळात चालत नाहीत.

२६ जानेवारी
फोन आला. एक लहान मुलगी. दात पडला म्हणाली, डबीत जपून ठेवलाय. कधी येणार, विचारत होती. रडत होती. मी म्हटलं, कार्डं संपली की.
कोण होती ते विचारायला हवं होतं.

२८ जानेवारी
उशीखाली एक कार्ड सापडलं. अक्षर माझंच. आय डी ए आर ए. वर्णक्रमाने लावलं — ए ए डी आय आर. एअर, एड, ॲरिड, आरिया. पाचही अक्षरं घेणारा शब्द निघत नाही. नाव असेल. नावं चालत नाहीत.
संध्याकाळी तेच दिलं. कोचनी मान डोलावली.

३० जानेवारी
फाटकाशी एक बाई आणि मुलगी. बाई माझ्या बोटातल्या अंगठीकडे बघत होती. मीही बघितली. एफिओम आपल्या अंगठीकडे बघत होता.
मुलीने डबी पुढे केली. म्हणाली, "पापा, तुम्हीच फेका. पाल नाहीये, मी बघून आले."
आत काहीतरी पांढरं, गुळगुळीत. उलटून पाहिलं. कुठल्याच बाजूला अक्षर नाही.
कोरी सोंगटी. कोरी कुठल्याही अक्षराच्या जागी चालते. सोंगट्यांच्या पिशवीत टाकून दिली.

मग मोजल्या. शंभर हव्यात — एकशे एक. एक काढावी लागेल. कोणती —
ती मुलगी अजून तिथेच. छपराकडे बघत —
तिला कोणीतरी सांगा की — पुढचं आठवत नाही.