लेहच्या यादीतले बदली

लालबाग, मुंबई
१० मे १९९२

चिरंजीव लहू यास,

भावोजी महादेव याचे पोटभर आशीर्वाद. (वयाने मी तुझ्याहून दोनच वर्षं मोठा, पण तुझी बहीण गुणवंती आमच्या घरात आल्यापासून आशीर्वाद द्यायचं काम माझ्याकडे लागलं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? आंबा यंदा किती धरला? गावच्या देवळाच्या पत्र्यावरून तुझं आणि चुलत्याचं जे चाललं होतं ते मिटलं, की दोघांनी आपापले पत्रे लावले? इकडे सगळं ठीक आहे. ठीक नसतं तर पत्र दोन ओळींत संपलं असतं.

तर बातमी अशी की आम्ही लेहला जातोय. लडाखातलं लेह, समुद्रापासून साडेअकरा हजार फूट वर. तुला मिलचं ते ब्याऐंशी सालचं कॅलेंडर आठवत असेल. ते वाटलं आणि अठरा जानेवारीला संप सुरू झाला, म्हणजे मिलने आपल्याला दिलेली ती शेवटची वस्तू. (संप मिटल्याचं अजून मला कोणी कळवलेलं नाही, त्यामुळे हिशेबाने मी अजून संपावरच आहे.) महिन्यांची पानं कधीच फाटून गेली, पण वरचं लेहच्या जुन्या राजवाड्याचं चित्र स्टोव्हच्या वर खिळ्याला तसंच आहे. दहा वर्षं गुणवंतीने त्या चित्रासमोर बसून खाणावळीच्या चपात्या लाटल्या आणि आमचं घर त्या चपात्यांवर चाललं. बाकीचे चित्रात राजवाडा बघतात, ती खिडक्या बघते. एकदा मला म्हणाली, एवढ्या खिडक्या आणि धूर एकीतूनही नाही, मग ही माणसं जेवतात कुठे? यंदा शिमगा झाल्यावर म्हणाली, मी जाऊन बघणार आहे. दहा वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. अट एकच घातली, तुम्ही असाल तरच जाईन. तेव्हा माझं जाणं हे माझ्या हौसेसाठी नाही. मी गळलो तर ती गळणार, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

दादरच्या एका प्रवास कंपनीने आमच्या चाळीसाठी जुलैतल्या आठ जागा धरल्या. पन्नाशीच्या पुढच्यांनी डॉक्टरांचा दाखला आणावा आणि कोणी रद्द झालं तर दुसरं नाव महिनाभर आधी कळवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. दुसरीकडे कुठे लोकांनी मान डोलावून विषय सोडून दिला असता. पण आपला धर्मा पडला मिलचा जॉबर, कोणाला कामावर घ्यायचं ते ठरवण्यात त्याचा जन्म गेला. त्याने त्याच संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर दोन याद्या लावल्या, कायम आठ आणि बदली सहा. आता तू स्वतः सात वर्षं बदली होतास. कोणा कायमवाल्याचा खाडा पडतो का, या आशेवर रोज सकाळी मिलच्या गेटवर उभं राहायचं, ही सवय अंगात किती मुरते ते तुला मी काय सांगू? दुसऱ्या दिवशी सात वाजता सहाही बदली माझ्या दारात हजर. पिशव्या भरून! जायला दोन महिने असताना!

बदलीत पहिला नंबर राधाबाईचा. (राधाबाई म्हणजे आपल्याकडे वरळी कोळीवाड्याहून मासळी घेऊन येते ती. तिचा नवरा धर्माच्या हाताखाली होता, त्या नात्याने ती चाळीच्या यादीत घुसली.) टोपली उतरवायच्या आधी ती आम्हा कायमवाल्यांना पापलेट तपासावं तसं तपासते, फक्त कल्ला उचलून बघायचा राहिलाय. "म्हादेव, बरा हायस ना रं?" असं ती ज्या काळजीने विचारते, ती काळजी माझी नसून माझ्या खिडकीजवळच्या जागेची आहे. परिणाम असा की चाळीत आजारी पडायची कोणाची टाप नाही. अँथनी फिटरची कंबर गेली पंधरा वर्षं वाकडी, तो बदल्यांसमोरून बँडवाल्यासारखा ताठ चालतो आणि खोलीत गेल्यावर ओरडतो. धर्माला शिंक आली की तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन शिंकतो. त्याची मात्र चंगळ आहे. यादी त्याच्या हातात, त्यामुळे सुके बोंबील, कोलीम, नारळ घरपोच येतात. संपानंतर त्याला एवढा मान पहिल्यांदाच मिळतोय. परवा तर तो चक्क जॉबरच्या जुन्या आवाजात माझ्यावर खेकसला आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

वरची हवा विरळ असते, असं कंपनीवाल्याने सांगितल्यावर अँथनीने ती हवा आम्हाला बॉयलरच्या भाषेत समजावली. दाब कमी, त्यामुळे डाळसुद्धा लवकर शिजत नाही. ते ऐकून गुणवंतीने आपला मोठा कुकर सामानाच्या यादीत सगळ्यात वर टाकला. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी चाळीचे चारही मजले दोनदा चढायचे ठरले. मी पुढारी असल्यामुळे दुसऱ्या मजल्यावर उभं राहून इतरांना मार्गदर्शन करतो. कंपनीवाल्याने असंही बजावलं की लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस काही एक न करता नुसतं बसून राहायचं, बऱ्याच लोकांना ते जमत नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अँथनी म्हणाला, साहेब, याची आमची प्रॅक्टिस दहा वर्षांची आहे.

खरा गोंधळ लोकरीच्या कपड्यांनी केला. लालबागमध्ये स्वेटर कोणाकडे असणार? धर्माच्या जावयाने एक लष्करी कोट, मफलर, माकडटोपी आणि हातमोजे आणून दिले. ते सगळं एकदम घालून अर्धा तास वावरून बघावं, म्हणजे सवय होईल, असं धर्माच्या मनात आलं. दुपारी दीड वाजता. मे महिन्यात! विसाव्या मिनिटाला तो व्हरांड्यात आडवा झाला. तो खाली पडल्याचा आवाज आणि जिन्यावर बदल्यांच्या पावलांचा आवाज, यांत सांगितलं तर खोटं वाटेल एवढं थोडं अंतर होतं. दोघांच्या हातात पिशव्या होत्या. राधाबाईने त्याच्या तोंडावर पाणी मारलं हे खरं, पण आधी त्याचा सीट नंबर विचारला. धर्मा शुद्धीवर आला तो "मी कायम आहे" असं म्हणतच. त्यानंतर त्याने राधाबाईचे बोंबील दोन दिवस परत पाठवले. तिसऱ्या दिवशी ठेवून घेतले.

तर अशी तयारी. दाखल्यांचं म्हणशील तर धर्मा पास, अँथनी पास (डॉक्टरांनी कंबर बघितलीच नाही), गुणवंती तर अशी पास झाली की डॉक्टरांनी तिला विचारलं, तुम्ही खाता काय? माझी तपासणी राहिली आहे, ती नुसती रीत म्हणून. तू माझी चिंता करू नकोस. चुलत्याला नमस्कार, मुलांना गोड पापा, म्हशीला एक पेंढी माझ्यातर्फे जास्त.

तुझा,
महादेव

ता. क. १: येणाऱ्या कोणाबरोबर कोकम धाड. लेहला सोलकढी मिळत नाही, असं कळतं.

ता. क. २: वर तपासणी राहिली असं लिहिलंय, ते परवापर्यंत खरं होतं. डॉक्टर छातीला नळी लावून फार वेळ ऐकत बसले. मी विचारलं, काय ऐकू येतंय? म्हणाले, महादेवराव, तुमच्या छातीत मिल अजून चालू आहे. कापूस पिंजायच्या खात्यात सव्वीस वर्षं काढली त्याचं हे. दाखला दिला नाही. कल्याणच्या पुढचा घाटसुद्धा चढायचा नाही म्हणाले. हे इथे कोणालाही ठाऊक नाही आणि होता कामा नये. मी नाही म्हटल्यावर गुणवंती घरीच बसेल, पण सख्खा भाऊ बरोबर असला तर जाईल. म्हणून तू वीस तारखेच्या एसटीने ये. सहज आलोय असं दाखव. बावीसला मी जिन्यात चार माणसांसमोर पाय मुरगळून घेतो. माझ्या जागी तू जा. राधाबाई आरडाओरडा करेल, करू दे. लहू, तिला त्या खिडक्या बघून येऊ दे रे. नाही म्हणू नकोस.

दादा, हे खालचं मी लिहितेय. पाकीट चिकटवायला खळ लागते आणि खळ मीच करते, म्हणून सगळं वाचलं. डॉक्टरांकडे मी ह्यांच्या आधी जाऊन आले होते. हे कितीही गोड बोलले तरी खरं तेच सांगा, असं मीच त्यांना सांगून ठेवलं. दहा बाय दहाच्या खोलीत खोकला लपतो होय? तू वीसला नक्की ये, पण माझ्यासोबत यायला नको. माझी अट मी मागे घेतली. मी आणि राधाबाई जातोय. दहा वर्षांनी निघालेय, आता थांबत नाही. तू जुलैत ह्यांच्यापाशी राहा. पाय मुरगळायला म्हणून जिन्यात जाऊ देऊ नको, खरोखरचे पडतील. आणि दम लागला असं हे कधी म्हणत नाहीत. दम लागला की गोष्ट सांगायला लागतात. जेवढा दम जास्त, तेवढी गोष्ट लांब. तेव्हा मध्ये बोलू नको, बसायला दे आणि संपेपर्यंत ऐक. हे पत्र किती पानांचं झालंय ते तू बघतोसच. गुणवंती.