पाहुण्यांचा पेला

मी, मकार ओस्तापोविच ह्लुश्को, वय एकोणीस, राहणार स्तारी वेर्बी, सध्या रणगाड्याचा ड्रायव्हर, हे माझ्या हातानं लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. आज प्यालेलो नाही, कालही नाही. कुणी धमकावलेलं नाही की गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. शाळा मी नववीनंतर सोडली, त्यामुळे अक्षर आणि कायदा दोन्ही वाकडं आहे, ते समजून घ्यावं. कॅप्टन म्हणाले, "तुला जे द्यायचंय ते साधं लिही, शिक्का मी मारतो." म्हणून साधं लिहितो. मला बोलायला जमत नाही. लिहायलाही फारसं नाही, पण कागद निदान माझ्या तोंडाकडे बघत बसत नाही.

कलम १. माझी निळी मोटरसायकल मी आमच्या गाडीचा तोफची विताली सावचुक याला देतो. ती आपलीच आहे असं तो आत्ताच धरून चाललाय. उजवा आरसा त्यानं फोडलाय, तो आधी बसवावा आणि मग गाडी न्यावी.

माझे पाने आमच्या रणगाड्याच्या पुढच्या ड्रायव्हरला. मोठा पाना वापरून झाला की पुसून ठेवायचा. एवढंच.

कलम २. मी गेल्यावर सरकार जे काही देईल ते सगळं आईला, हान्ना ह्लुश्को, मुक्काम पोलंड. आईनं आता परक्यांच्या शेतात स्ट्रॉबेरी खुडायला जाऊ नये. तिच्या पाठीचं मला माहीत आहे. फोनवर मी नुसतं "हं, हं" करायचो, पण ऐकू सगळं येत होतं.

कलम ३. घर.

हे कलम मी तीनदा फाडलं. घर द्यायचं तर आधी नौमिचबद्दल लिहायला लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पोराला वेड लागलं.

नौमिच म्हणजे आमचे कमांडर, युखिम नौमोविच ब्रोडेत्स्की. नीप्रो शहरातले ज्यू. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, युद्ध सुरू झालं तेव्हा स्वतःच्या पायानं भरतीला आले. भरतीवाला म्हणाला, "काका, घरी जा." तर म्हणाले, "तरुणपणी सैन्यात रणगाड्यावर होतो, नंतर आयुष्यभर ट्राम चालवली. दोन्ही जड, दोन्ही लोखंडी. फरक एवढाच की ट्राममध्ये लोक तिकीट न काढता चढतात."

रणगाड्यातही त्यांची ट्राम सुटली नव्हती. हेडफोनमध्ये ओरडायचे, "पुढचा थांबा, झाडी! उतरणाऱ्यांनी धक्काबुक्की करू नये!" आमच्यावर गोळे पडत असताना सुद्धा. विताली म्हणायचा, "नौमिच, मला सवलतीचं तिकीट." ते म्हणायचे, "तुला दंड."

मी कधी काही म्हणायचो नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरा, तुला बोलता येतं ना?" मी मान हलवली. "मग झालं," म्हणाले, "गरज पडली की बोल." परत कधी टोचलं नाही. शाळेत मास्तर फळ्यापाशी उभं करून ठेवायचे, उत्तर येत असून तोंड उघडायचं नाही, अख्खा वर्ग हसायचा. म्हणून तर शाळा सोडली. नौमिचच्या हाताखाली कुणी मला उभं करून ठेवलं नाही.

मागच्या शरद ऋतूत आमची गाडी दुरुस्तीला गेली होती. परतताना स्तारी वेर्बी वाटेवरच, म्हणून आम्ही तिघं माझ्या आजीकडे उतरलो. ओदार्का आजी, तिनंच मला वाढवलं. तिनं वारेनिकी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या केल्या, लोणच्याची बरणी फोडली, आणि कपाटातून पाहुण्यांचा पेला काढला. आमच्याकडे एक चांदीचा छोटा पेला आहे, कडेनं वेलबुट्टी कोरलेली. आम्ही त्यातून कधी पीत नाही. पाद्री आला, डॉक्टर आला, तर त्यांना. आजीनं त्यात चेरीची दारू ओतली आणि नौमिचच्या पुढ्यात ठेवली. "घ्या साहेब. माझ्या आईचा पेला. घरात याहून चांगलं काही नाही."

नौमिचनी पेला उचलला. खिडकीकडे धरून हळूहळू फिरवला. मग काहीतरी पुटपुटले आणि प्यायले.

"कशी झालीय?" आजीनं विचारलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "पेला छान जपलात हो, आजी. अगदी चकचकीत."

"दर ईस्टरला राखेनं घासते," आजी खुशीत म्हणाली.

विताली म्हणाला, "आजी, मला काचेच्या ग्लासात? मी काय वाटेवर पडलोय?"

"तुला आधी मिशी फुटू दे," आजी म्हणाली.

सगळे हसले. नौमिचही हसले. निघताना ते दारात थांबले. आमच्या चौकटीच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, एक तिरपी खाच आहे, रंगाचे थर चढून बुजत आलेली. लहानपणी मी तिच्यात काडी अडकवायचो. नौमिचनी तिथं बोटं टेकवली, ती बोटं ओठांना लावली, आणि पायऱ्या उतरले.

ट्रकमध्ये मी तोंड उघडलं. मला आठवतंय, कारण विताली दचकला होता. मी विचारलं, "नौमिच, पेल्याकडे बघून काय म्हणालात?"

ते म्हणाले, "घराच्या मालकाला नमस्कार केला, पोरा."

मला वाटलं, आजीला.

फेब्रुवारीत आजी गेली. घर माझ्या नावावर केलं होतं तिनं, कारण मामा विकून टाकेल ही धास्ती.

जूनमध्ये नौमिच गेले. कसे ते लिहितो, कारण मागाहून लोक वेगवेगळं सांगतात. आम्हाला मागं हटायचं होतं. आमची गाडी मागं जाताना गोगलगायीसारखी जाते आणि ड्रायव्हरला मागचं काहीच दिसत नाही. कमांडरनं झाकणातून डोकं बाहेर काढून सांगायचं. नौमिच सांगत होते, "डावीकडे घे, पोरा. अजून डावीकडे. शाब्बास. पुढचा थांबा, सफरचंदाची बाग." मग हेडफोन गप्प झाला. थांब म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मी डावीकडेच घेत राहिलो, झाडं मोडायला लागली तोपर्यंत. बाग आली होती. विताली वरून किंचाळत होता. नौमिच झाकणातच होते, छातीपर्यंत बाहेर. खाली सरकले असते तर वाचले असते. पण खाली सरकले असते तर मला दिसलं नसतं.

यासाठी मी स्वतःला दोष देत नाही, कॅप्टननी तसं वचन घेतलंय. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

नीप्रोला ज्यू दफनभूमीत त्यांना पुरलं. मी आणि विताली गेलो. फुलं फक्त आमच्या हातात, बाकीचे लोक खडे ठेवत होते. मग एकेकानं माती टाकायची होती. माझी टाकून झाल्यावर मी फावडं नौमिचच्या मुलीला द्यायला गेलो. मिरा युखिमिव्ना तिचं नाव, औषधाच्या दुकानात काम करते. तिनं हात पुढं केला नाही. मी फावडं धरून उभा. मनात म्हटलं, बरोबर आहे, गाडी मी चालवत होतो, माझ्या हातून कशाला घेईल. तेवढ्यात टोपीवाला एक म्हातारा म्हणाला, "बाळा, आमच्यात फावडं हातातून हातात देत नाहीत. दुःख एकमेकाला द्यायचं नसतं. मातीत रोव, ती आपलं आपण उचलेल." मी रोवलं. तिनं उचललं.

खाली मान घालून उभा होतो, म्हणून शेजारचे जुने दगड दिसले. दगडावर आमच्या पेल्यावरची वेलबुट्टी.

ती वेलबुट्टी नव्हतीच. ज्यू लोकांची अक्षरं होती.

नंतर मिराच्या घरी गेलो. दाराच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, आमच्याकडे खाच आहे त्याच जागी, ज्यू लोकांची प्रार्थनेची छोटी डबी तिरपी ठोकलेली. येणारा जाणारा तिला बोटं लावून ओठांना लावत होता. आत सुतकाच्या रीतीनं आरशांवर चादरी होत्या आणि मिरा बुटक्या स्टुलावर बसली होती. तिनं मला उकडलेलं अंडं दिलं. म्हणाली, "तू मकार ना? बाबा म्हणायचे, माझा ड्रायव्हर बोलत नाही, पण ऐकतो. आयुष्यभर ट्राममध्ये मला उलटीच माणसं भेटली." सगळे रडता रडता हसले. मी अंडं हातात धरून बसलो. या माणसाला माझ्या आजीनं त्याच्याच लोकांपैकी कुणाच्या तरी घरातला पेला मोठेपणानं पुढं केला होता, राखेनं घासून. आणि त्यानं तो गोड म्हणून पिऊन टाकला, म्हाताऱ्या बाईचं तोंड पडू नये म्हणून.

रजा टाकून मी घरी गेलो. बघतो तर पेट्रो मामा दारात, चौकटीचं माप घेत होता. लोखंडी दार आणून भिंतीला टेकवून ठेवलेलं.

मी विचारलं, "मामा, हे घर आधी कुणाचं होतं?"

"आजीचं."

"तिच्या आधी?"

"तिच्या आईचं. काय चौकशी लावलीय?"

"तिच्या आधी?"

मामा टेप गुंडाळायला लागला. "रिकामं होतं," म्हणाला.

"रिकामं कसं होतं?"

"होतं रिकामं! जर्मनांच्या वेळेला निम्मी गल्ली रिकामी होती. लोक राहायला गेले. आपण एकटेच गेलो का? नसतो गेलो तर दुसरं कुणी गेलं असतं."

"आणि आतली माणसं?"

मामानं ओढ्याकडे मान केली. ओढ्यापलीकडं एक घळ आहे. तिथं गवत कमरेइतकं वाढतं, पण आमच्या गावात तिथं कुणी शेळी सोडत नाही. का सोडत नाही, तिथं कुणाला पुरलंय, ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"तुझ्या ज्यूनं भरवलं का हे डोक्यात?" मामा म्हणाला.

"तो काहीच बोलला नाही," मी म्हटलं. एवढं बोलून मला घाम फुटला होता. मामानं तोवर खाचेत रंगाऱ्याची लांबी भरून ठेवली होती. ओलीच होती. मी ती चमच्यानं खरवडून काढली, त्याच्या डोळ्यांसमोर. तो म्हणाला, "बापासारखाच बिनडोक."

तर घराचं असं. हे घर मी कुणाला देऊ शकत नाही, कारण ते माझ्यापर्यंत आलं कसं तेच मला सांगता येत नाही. ज्यांचं होतं त्यांचं नाव गावात कुणाला माहीत नाही, किंवा कुणी सांगत नाही. म्हणून घर मिरा युखिमिव्ना ब्रोडेत्स्की यांच्याकडे ठेवतो. त्यांचं म्हणून नव्हे. त्यांना ते दगडावरचं वाचता येतं, कुणाला विचारायचं ते त्यांना कळेल. विकावं, ठेवावं, पाडावं, त्यांची मर्जी. त्यांनी नको म्हटलं तर कुलूप लावावं. घर रिकामं आहे म्हणून यावेळी त्यात कुणी राहायला जाऊ नये.

मामाला लोखंडी दार. ते त्याचंच आहे.

कलम ४. पेला.

त्या रजेत मी पेला बरोबर घेतला. तेव्हापासून तो माझ्या पिशवीत, लोकरी मोज्यात गुंडाळलेला आहे. मिराला मी दोनदा फोन लावला. ती "हॅलो, कोण?" म्हणाली, आणि मी ठेवून दिला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मकार, तू आहेस का?" तरी ठेवला. म्हणून लिहितो, माझ्या मरणानंतर पेला मिरा युखिमिव्ना यांना पोचवावा. विताली सावचुकनं पोचवावा. वाटेत त्यातून काही पिऊ नये.

कलम ५. वरचं लिहून झालं आणि साक्षीदार म्हणून सही करायला मी वितालीला बोलावलं. त्यानं चौथं कलम वाचलं आणि कागद माझ्या अंगावर फेकला.

"म्हणजे तू मेल्यावर बोलणार?" तो म्हणाला. "आणि मी तिच्या दारात उभा राहून काय सांगू? की हा जिवंत होता तेव्हा दोन तासांवर होता, पण लाजत होता? नाही करत सही. जा, दुसरा साक्षीदार बघ."

मी कॅप्टनकडे बघितलं. ते म्हणाले, "रविवारी ट्रक नीप्रोला बॅटऱ्या आणायला जातोय. ड्रायव्हर लागेल." आणि शिक्का पुसत बसले.

म्हणून चौथ्या कलमात दुरुस्ती. पेला रविवारी मी स्वतः नेणार. कलम चार फक्त मी पोचलो नाही तरच लागू. पेला मी तिच्या हातात देणार नाही. टेबलावर ठेवीन, शेजारी घराची किल्ली ठेवीन. उचलायचं तर ती आपलं आपण उचलेल. नाही उचललं तरी मी उठून जाणार नाही. कुणाचा, कुठून आला, कुणी घासला आणि तिच्या वडिलांनी तो कसा प्यायला, ते सगळं तोंडानं सांगेपर्यंत तिथंच बसेन. कितीही वेळ लागो.

वाचून बघितलं. असंच म्हणायचं होतं.

सही: म. ह्लुश्को

साक्षीदार: विताली सावचुक, तोफची. (आरसा बसवणार नाही. त्याचा तो बसवेल, जिवंत आहे. बाकी सगळं मान्य.)

साक्षीदार: लेस्या कोवबास्युक, तुकडीची नर्स. लिहिणारा शुद्धीत आहे, फक्त कानापर्यंत लाल झालाय.

माझ्यासमोर सही झाली: कॅप्टन द. ओनिश्चेंको. शिक्का.

मुक्काम: जागेचं नाव लिहायची परवानगी नाही. गुरुवार, १४ सप्टेंबर २०२३.