पदवीवरचं प्लॅस्टिक

चिमे,

तुझं पदवी प्रमाणपत्र घेऊन मी विद्यापीठात चाललेय. दुसरी मूळ प्रत मिळते म्हणतात, पण अर्जावर सही तुझीच लागते. अकरापर्यंत ओळखपत्र घेऊन परीक्षा विभागात ये. तुला नोकरी देणाऱ्या तिकडच्या शाळेला वीस तारखेच्या आत कागद हवेत ना?

व्हिसासाठी मूळ प्रमाणपत्राच्या मागे शिक्का मारतात आणि लॅमिनेट केलेलं घेतच नाहीत, हे मला खरंच माहीत नव्हतं. लॅमिनेट करून आणलं तेव्हा परदेशात तुझे कागद दमट हवेने खराब होऊ नयेत, एवढंच मनात होतं. आता इस्त्री फिरवून प्लॅस्टिक सोडवायला जाऊ नकोस. माझ्या लॅमिनेट केलेल्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर करून पाहिलं, अक्षरंही निघून आली.

काल सकाळी तू म्हणालीस, "मी जाऊ नये म्हणून तू हे मुद्दाम केलंस." दुपारपर्यंत माझं मौन असतं, म्हणून गप्प राहिले. नंतर तू खोलीचं दार उघडलं नाहीस. मुद्दाम नाही केलं गं. पण तू जाऊ नयेस असं मी रोज देवाजवळ मागत होते, हे खरं आहे. म्हणून तुझं बोलणं जिव्हारी लागलं.

आज पूजेत काहीच मागितलं नाही. फुलं वाहिली आणि उठले. मौनही आज सोडलंय, खिडकीवरच्या माणसाला विनवायचं तर बोलावं लागेल.

मी रांगेत उभी असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण सहीला ये.

आई