सोनबाम

३ नोव्हेंबर, भोर
पासलीहून एसटीने आलो. श्रीपाद सरांच्या बंगल्यात बागेचं काम, मागे आम्हा नवरा-बायकोला राहायला दोन खोल्या. मंगल खूश आहे. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. झाडांवरच्या पाट्या लॅटिनमध्ये. त्या मला वाचता याव्यात म्हणून रोज चहानंतर शिकवणार. व्हरांड्यात फळाही टांगलाय. मंगल म्हणाली, पन्नाशीला आलाव आन् आता कसली ही इंग्रजीची आजी शिकताय? गावदेवी मेंगाईचं नाव घेऊन शिकायला बसलो.

६ नोव्हेंबर
आपल्यासारख्याच विभक्त्या निघाल्या. बरं वाटलं. सर म्हणाले, तुझं नाव शेवटी आ, लॅटिनमध्ये बायकांच्या नावासारखं चालतं. हसले. राग गिळला. करणारा असेल तर सोनबा. ज्याच्यावर क्रिया होते तो सोनबाम. शब्द कुठेही ठेवा, प्रत्यय बघायचा. सरांच्या नावाला मात्र प्रत्ययच लागत नाही म्हणे. पहिलं वाक्य: सोनबा आक्वाम पोर्तात. सोनबा पाणी आणतो. तेवढ्यात नळ गेला. विहिरीवरून आणलं.

९ नोव्हेंबर
कानिस सोनबाम मोर्देत. कुत्रा सोनबाला चावतो. सरांनी लिहिलं आणि फाटकातून कुत्रं आलं, पोटरीच धरली. सर खडू झटकत म्हणाले, आता द्वितीया विसरणार नाहीस. मंगल म्हणते, गावी जाऊ. फाटकाशी गेलो तर पाय उचलेनात. मागे वळून पाहिलं. फळ्यावर नवं वाक्य होतं: सोनबा मानेत. सोनबा राहतो.

माणूस आहे मी. उदाहरण नाही.

१२ नोव्हेंबर
आज काळ. एका स्वराचा फरक. कादित, पडते. कादेत, पडेल. आणि उदाहरणाला मंगल. मंगला कादेत. मंगला पडेल. कुठून, ते लिहिलं नाही. ती तेव्हा विहिरीवर होती. मी धावत जाऊन बाहीने पुसलं. सर म्हणाले, पूस की. भविष्य पुसता येतं, उद्या पुन्हा लिहीन. झालेलं तेवढं पुसलं जात नाही.

मंगल मला सोडून जायला तयार नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ
देवापुढे बसलो. हात जोडले, राग जाईना. मारणं पाप आहे. तरी खडू उचलला. सर आत चहा घेतायत. झालेलंच लिहिलं, म्हणजे त्यांना पुसता यायचं नाही:

सोनबाम श्रीपाद नेकावित.

सोनबाने श्रीपाद मारला. ने आला म्हणून माझ्या नावाला प्रत्यय दिला. आपण देतो तसाच —

सर बाहेर आले. उभेच आहेत. चांगले धडधाकट. वाचून शाबास म्हणाले. म्हणाले, ने तुमच्या मराठीत लागतो रे. लॅटिनमध्ये करणारा मोकळाच —

सोनबाम. ज्याच्यावर क्रिया होते तो.

पुसतोय. पुसलं जात नाही. बाही फाटली —

ते आत जाऊन दार लावतायत — हसत नाहीत आता —

मंगल, एसटी धर. मागे बघू नको. तुझं नाव फळ्यावर नाही. मी बघितलंय, नाही —

मी आहे. अजून आहे. मी आहे. मी हो